फुले गुलाबी

४ मे

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. इथे फरशीवर नमुन्यांची पाकिटं पसरली आहेत, आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे. तो साष्टांग समजून घ्या.

तुमचं पत्र मिळालं. तुमचं अक्षर अजून माझ्यापेक्षा देखणं आहे, याचा मला मनापासून राग येतो. फोन केला असता, पण ताई म्हणते, माझा फोन आला की तुम्ही कानातलं यंत्र काढून खिशात ठेवता आणि नुसतं 'हो हो' म्हणत राहता. मग पत्रच बरं. शास्त्राचं बोलणं कागदावर व्हावं, हा नियमही तुमचाच.

इथे सगळं ठीक. माझा खोकला गेला. गच्चीचं दार फुगून बसलंय, खांद्याने ढकलावं लागतं. संग्रहालयात आमच्या बुरशीच्या हॉलला नवे पडदे लावलेत, त्यामुळे दुपारी आत पिवळसर उजेड भरून राहतो आणि कपाटांच्या रांगांमधून चालताना पाण्याखालून चालल्यासारखं वाटतं. विभागप्रमुख बाई चपला दाराशी काढून मोजे घालून फिरतात. कधी मागे येऊन उभ्या राहतील, पत्ता लागत नाही. काल मी जुन्या पाकिटांशी बोलत होते, ते त्यांनी ऐकलं. मान डोलावून पुढे गेल्या. त्याही बोलत असणार.

तुम्ही दर पत्रात विचारता तेच याही पत्रात विचारलंत. आईचं पान झालं का? बाबा, जरा दम धरा की. गारवेलीच्या कुळावर पडणाऱ्या सगळ्या तांबेऱ्यांचं पुस्तक आहे हे, प्रत्येक जातीला एक पान, आणि मूळ नमुना भिंगाखाली घातल्याशिवाय एकही जात आत घ्यायची नाही ही बाईंची अट. मी अजून मधल्या कपाटापाशी आहे. पोचेन सावकाश.

पण तुम्हाला कुठला धीर! ताईने सांगितलं, तुम्ही डॉक्टरांना सांगून ठेवलंत, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही सांगितलंत, की माझ्या बायकोच्या नावाचा तांबेरा पुस्तकात येतोय. इस्त्रीवाला म्हणे विचारात पडला. तांबेरा म्हणजे पानांवर पडतो तो रोगच ना, मग त्याला बायकोचं नाव कशाला, असं त्याने विचारलं. आई असती तर त्याचीच बाजू घेतली असती. तांबेऱ्याला तिचं नाव देणारा तुमचा लेख छापून आला त्या दिवशी ती काय म्हणाली होती, आठवतं ना? लोक बायकोला दागिने करतात, आमच्या वाट्याला तांबेरा. आणि मग तो अंक तिने आपल्या कपड्यांच्या कपाटात, अगदी खालच्या घडीत ठेवला. शेवटपर्यंत तिथेच होता.

एक सहज विचारते. मागच्या कुंपणावरची ती वेल, जिच्या पानांवर तुम्हाला हा तांबेरा सापडला, तिची फुलं कुठल्या रंगाची होती? पाकिटावर तुम्ही 'फुले गुलाबी' असं लिहिलं आहे.

हो, पाकीट काढलंय मी. नुसतं काढून ठेवलंय.

उन्हाचं बाहेर जाऊ नका. ताईशी पंख्यावरून भांडू नका.

तुमची,
भिंगरी


१ जून

ती. बाबांना,

नमस्कार. आज खराखुरा वाकून केला, फरशी मोकळी झाली आहे.

तुमचं उत्तर मी बाईंना वाचून दाखवलं आणि त्या पोट धरून हसल्या. 'गुलाबी म्हणजे गुलाबी. मी काही आंधळा नव्हतो. पहिल्या वर्षाच्या पोरांनी विचारावा असला प्रश्न माझ्या मुलीने विचारावा?' बरं बाबा. चुकलं. विचारलं एवढंच.

पण तुम्हीच मला शिकवलं आहे. तांबेरा हा जावयासारखा नखरेल. वाटेल त्या घरी जेवत नाही. त्याची ठरलेली झाडं असतात, म्हणून तांबेरा ओळखायचा तर आधी विचारायचं, पान कोणाचं. मी शाळेत असताना तुम्ही मला नारिंगी पूड पडलेलं पान दाखवायचात आणि मी उत्साहाने पुडीबद्दल बोलायला लागले की टपली मारायचात. "पुडीचं मग. आधी पान कोणाचं ते सांग." ती टपली अजून डोक्यावर आहे. म्हणून विचारलं.

आता एक गंमत सांगते. पाकिटाच्या घडीत, पानाच्या देठाला लागून एक सुकलेलं बोंड सापडलं. तुम्ही वेल तोडताना ते पानाबरोबर आलं असणार. आत काळ्या, तिकोनी बिया. काहींना कीड लागलेली, पण काही ठणठणीत. मी बाईंपुढे हात पसरून दाखवल्या. जातीचा मूळ नमुना म्हणजे तुमचं तांबेरा पडलेलं पान, त्याला कोणी हात लावणार नाही, ते खरंच. पण बिया? बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पान जागेवर आहे ना? मग मी काही पाहिलं नाही."

तर दोन बिया मी कान तुटलेल्या कपात पेरल्या आहेत. गच्चीच्या दाराशी ठेवलाय कप. एक कुजली. दुसरी वर आली. पहिली दोन पानं मधोमध चिरलेली. रोज सकाळी चहा घेऊन मी तिच्यासमोर बसते. माझ्यापेक्षा फार लहान नाही हो ती. मी शाळेत जायला लागले होते तेव्हाची, आणि आज जागी होतेय.

तिच्यासमोर बसलं की मला आपलं जुनं घर दिसायला लागतं. झोप आणि जाग यांच्या मधलं घर. आई मागच्या दारी उभी, पदर खोचलेला, केस अजून न विंचरलेले. ताई आणि मी पायरीवर, डोळे चोळत. आई बोलत नसे त्या वेळी. दिवसभर तिच्या तोंडाला खळ नसायची, पण तेवढा वेळ गप्प. कुंपणावर एकेक फूल उलगडत असे, आणि ती बघत असे. मग चहा उतू जायचा आणि दिवस सुरू व्हायचा.

तुम्ही त्या चित्रात नाही. शोधते मी तुम्हाला, पण तुम्ही सापडत नाही. तुमच्या संशोधन केंद्राची पहिली गाडी अंधारात निघायची ना? आणि सुटीच्या दिवशी तर त्याहून आधी तुम्ही पिशवी खांद्याला लावून बाहेर. फुलांचा हंगाम आणि तुमचा नमुने गोळा करायचा हंगाम नेमका एकच. आई एकदा म्हणाली होती, ह्यांच्या बुरशीचा यजमान कोण ते हे रानोमाळ शोधत फिरतात, माझे यजमान कुठे आहेत ते मला कोण शोधून देणार? तुम्ही खूप हसला होतात. मीही हसले होते.

असो. काय लिहीत होते? हां, पान. आईचं पान अजून झालेलं नाही. मधली कपाटं संपली, पण बाकीचीही कामं असतात.

ताईचा फोन आला होता. डॉक्टरांनी तुम्हाला जिने चढायला मनाई केली आहे आणि तुम्ही चढता. ती म्हणाली, "त्यांना आता नवीन काही सांगत बसू नकोस. पुस्तकाच्या आशेवर दिवस काढतायत." मी म्हटलं, मी काय सांगणार आहे? ताईच ती, तिला न सांगता कळतं.

जिने चढू नका.

तुमची,
भिंगरी


९ ऑगस्ट

प्रिय बाबा,

आज मायना नेहमीचा नाही. लिहायला घेतलं आणि हे असंच आलं, खोडलं नाही.

मागच्या पत्राला बरेच दिवस झाले. तुमची दोन पत्रं आली, दोन्हींत तोच प्रश्न. मी ताईकरवी निरोप दिला की काम फार आहे. काम नव्हतं, बाबा. मी वेलीची वाट बघत होते.

काठी लावली, मग दोरी बांधली, मग तिने स्वतःच गच्चीचं दार धरलं. ते फुगलेलं दार आता उघडतच नाही, कारण बिजागरीला तिने विळखा घातलाय आणि मला तोडवत नाही. काल संध्याकाळी एक कळी आली. छत्री मिटावी तशी पिळलेली, टोकाला रंगाची जेमतेम रेघ. कुठला रंग ते कळेना. रात्री झोप नीट लागली नाही. स्वप्नात आपलं मागचं अंगण होतं आणि आईच्या हातात कपाटाची किल्ली होती.

आज उठले तेव्हा उजेड फुटत होता. फूल उमलत होतं.

निळं, बाबा. लख्ख निळं.

मी जमिनीवर बसले आणि रडले. एवढं काय रडायचं, असं मलाच वाटलं, पण थांबेना. हाच तो रंग. आई उभी राहायची तो हा रंग. मला तो इतकी वर्षं आठवत होता, पण तुमच्या हातचं 'फुले गुलाबी' वाचलं आणि मी माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास घालवला. तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. लहानपणी वेगळं काही पाहिलं असेल, असं म्हटलं.

मग मी कामावर गेलेच नाही. तिथेच बसून राहिले. ऊन चढलं तसं फूल मऊ पडलं, कडा आत वळल्या, निळ्याचं जांभळं झालं. आणि दुपारी ते मिटलं तेव्हा गुलाबी होतं. चांगलं गुलाबी. कोणीही शपथेवर सांगावं असं.

तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. तुम्ही पाहिलं तेच लिहिलंत. तुम्ही घरी यायचात तेव्हा ती वेल गुलाबीच असायची.

आता सरळ सांगते, टोलवाटोलवी पुरे झाली. तुम्ही मानलंत ती गुलाबी फुलांची वेल वेगळी, पानं जवळजवळ सारखी, आणि तिच्यावर तांबेरा पडल्याची तोवर कुठेच नोंद नव्हती. म्हणून तुमच्या तांबेऱ्याला नवी जात म्हणणं रास्त होतं. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण वेल निळी निघाली. निळ्या गारवेलीवरच्या तांबेऱ्याला तुमच्या कितीतरी आधी कोणीतरी नाव देऊन ठेवलं आहे. मी तुमच्या पानावरचे बीजाणू पुन्हा पुन्हा मोजले, त्यांच्यावरचे काटे पाहिले, जुन्या नमुन्याशेजारी ठेवून पाहिले. फरक नाही. एकच आहे. आणि आधीचं नाव ते खरं नाव, हा नियम तुम्हाला मी काय सांगायचा.

म्हणजे आईच्या नावाला स्वतंत्र पान नाही. जुन्या नावाखाली, बारीक अक्षरात, 'हेही नाव पूर्वी दिले होते' एवढी एक ओळ. हे मला मे महिन्यातच दिसलं होतं. बीजाणू तेव्हाच मोजले होते. फक्त वेलीची खात्री नव्हती, तेवढ्या एका धाग्याला मी लटकून होते. पाकीट नुसतं काढून ठेवलंय असं तुम्हाला लिहिलं, ते खोटं होतं.

बाई मागेच म्हणाल्या होत्या, वेल निळी निघाली तरी 'जात संशयित, पुढे तपासावी' असं लिहून सोडून देता येईल. पुढची पन्नास वर्षं ते पाकीट कोणी उघडणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या वाईट नाहीत हो, तुमची काळजी वाटून म्हणाल्या. मी तेव्हापासून विचार करत होते. मग आज मला तुमची टपली आठवली. आधी पान कोणाचं ते सांग. मला ते माहीत आहे, बाबा. माहीत असून मी कसं झाकू?

आणि राग आहे. तोही लिहिते, नाहीतर पत्र पुरं होणार नाही. चूक झाली याचा राग नाही, चुका सगळ्यांच्या होतात. पण ती वेल आपल्या मागच्या दारी होती. तिच्यासाठी डोंगर चढायचा नव्हता. एक सकाळ घरी राहिला असतात तर पुरे होतं. नाहीतर आईला विचारायचं, अगं, हिची फुलं कसली? तिने एका शब्दात सांगितलं असतं. तुम्ही तिचं नाव त्या तांबेऱ्याला दिलंत, पण वेलीबद्दल तिला काही विचारलं नाहीत. तिनेही लेख वाचला असणार, 'फुले गुलाबी' वाचलं असणार. एका अक्षराने बोलली नाही. तुम्ही इतके खूश होतात.

मला याचं वाईट वाटतं. तिच्यासाठी, आणि आता तुमच्यासाठीही.

अजून एक आहे. हे शास्त्र नव्हे, हे माझं आपलं सकाळचं स्वप्न समजा. हा तांबेरा दोन घरी राहतो हे तुम्हाला माहीतच आहे. अर्धा जन्म पाइनच्या सुयांवर, अर्धा गारवेलीच्या पानांवर. पाइनवरून पूड उडते आणि वेलीवर जाऊन बसते. आपल्या गल्लीत पाइन नव्हता. जवळपास कुठेच नव्हता. पाइनचं रान तुमच्या केंद्राभोवती होतं. तुम्ही संध्याकाळी घरी यायचात तेव्हा शर्टाच्या खांद्यांवर, बाह्यांवर पिवळट पूड असायची. आई तो शर्ट तुमच्या अंगावरून काढून घ्यायची, मागच्या दारी न्यायची आणि धुवायला टाकण्याआधी झटकायची. कुंपणावर. रोज.

मला वाटतं, तो तांबेरा तुम्हीच घरी आणलात, आणि तिने वेलीला दिला. तेव्हा तिचं नाव अगदीच चुकलेलं नव्हतं.

उरलेल्या बिया पत्रासोबत कागदात बांधून पाठवते. पुस्तकाची पानं वर्षअखेर छपाईला जातात. तोवर हे पान मी हातात ठेवते. निर्णय बदलणार नाही, पण तुम्हाला कळायच्या आधी ते छापून यावं असं मला नको आहे. रागवा. वाटेल ते लिहा. पण गप्प बसू नका. अशा वेळी गप्प बसणं ही आईची रीत होती.

निळी वेल दारात घेऊन बसलेली,
तुमचीच,
भिंगरी


२३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी भयंकर चिडलो. ते पत्र मी ताईला दाखवलं नाही आणि जेवलोही नाही. मग दुसऱ्या दिवशी जेवलो. उत्तर इतके दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहावंसं वाटत होतं ते बापाने लिहिण्याजोगं नव्हतं.

शास्त्राचं आधी. एका झाडाच्या एका फुलावरून तू निष्कर्ष काढलास, हे मला पटलेलं नाही. एक नमुना म्हणजे पुरावा नव्हे, हे तुला मी शिकवलं होतं की नाही? म्हणून तू पाठवलेल्या सगळ्या बिया मी ताईच्या गॅलरीत पेरल्या. तिची कोथिंबिरीची कुंडी घेतली. तिने आकांडतांडव केलं. तिला म्हटलं, संशोधन चालू आहे. ती म्हणाली, संशोधन होईपर्यंत भाजीत काय घालू? दोन वेली आल्या.

पहिलं फूल आलं त्या दिवशी मी माझ्या वेळेला उठलो. हल्ली मला उशिरा जाग येते, जन्मभराचं लवकर उठणं आता वसूल करतोय. चहा झाला, वर्तमानपत्र झालं, मग गॅलरीत गेलो. फूल मिटत होतं आणि स्वच्छ गुलाबी होतं. मला इतका आनंद झाला की मी उभ्या उभ्या तुला पत्र लिहिलं. त्यात तुझी यथेच्छ खरडपट्टी काढली होती. ताईकडे टपालात टाकायला दिलं, तर तिने ते वाचलं. माझी पत्रं ती वाचते हे मला ठाऊक नव्हतं. आणि मग कपाटात लपवलेलं तुझं पत्रही तिने शोधून काढलं आणि तेही वाचलं. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, "हे उद्या टाकू. उद्या मी उठवीन तेव्हा उठायचं."

तिने उठवलं. अंधार होता. गॅलरीत खुर्ची ठेवली, शाल दिली, यंत्र कानात घातलं. म्हटलं, फुलाचा काय आवाज येणार आहे? तरी घातलं तिने. मी बसलो. ती शेजारी पायरीवर बसली. फूल एका बाजूने सुटायला लागलं. मी इतकी फुलं तोडली, दाबली, वाळवली, कापली आयुष्यात, पण उमलताना कुठलं बघितलं होतं ते मला आठवेना.

भिंगरे, फूल निळं आहे. दोन्ही वेलींचं निळं आहे.

मी उठून दोन्ही फुलं जवळून पाहिली. मग ताईला विचारलं, "घरी रोज असं असायचं?"

"रोज."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे, बाबा?"

तिने हे रागाने म्हटलं नाही. तिने माझ्या पायावरची शाल नीट केली. रागाने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. मग मला तिथे रडू आलं. हे तुला कळवायचं नव्हतं, पण ताई कळवणारच आहे, त्यापेक्षा मीच लिहितो.

मी तेव्हापासून रोज उठतो. डॉक्टर म्हणतात, तब्येतीला चांगलं आहे. त्यांना मी सांगितलं की पुस्तकात बायकोचं पान येत नाही, माझी चूक झाली होती. इस्त्रीवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं.

आता कामाचं. पान तू लिही, आणि लेखकांत माझं नाव घाल. तुझ्याबरोबर. मी ठेवलेलं नाव परक्याने उतरवलेलं मला चालणार नाही, आणि तू एकटीने उतरवलेलंही नाही. आधीचं नाव वर, तिचं नाव खाली, नियमाप्रमाणे, बारीक अक्षरात. तिच्या नावापुढे माझं नाव येईल, नाव देणाऱ्याचं, म्हणजे चुकणाऱ्याचं, तेही नियमाप्रमाणे. त्या एका ओळीत आम्ही दोघं शेजारी शेजारी असू. एवढं पुरे आहे.

बीजाणूंची मापं मला पाठव. मी तपासीन. विश्वास नाही म्हणून नव्हे, सवय आहे म्हणून.

शर्टाचं जे लिहिलं आहेस ते पुस्तकात घालू नकोस, त्याला आधार नाही. मी मात्र पत्राचं ते पान वेगळं काढून ठेवलं आहे. तिचं शर्ट झटकणं मला ऐकू यायचं. मी आत चहा पीत असायचो. मला वाटायचं, धूळ आहे.

जुन्या पाकिटावर काही खोडायचं नसतं, हे तुला माहीत आहे. 'फुले गुलाबी' तसंच राहू दे. पण नंतर कोणी जास्त बरोबर ओळखलं, तर त्याच्या नावाची चिठ्ठी खाली चिकटवायची असते, काय ओळखलं, कोणी ओळखलं आणि केव्हा. ती चिठ्ठी मी लिहून सोबत पाठवली आहे. अक्षर बारीक आलं आहे, पण वाचता येईल. बाईंची परवानगी घे आणि चिकटव. डिंक पातळ लाव, कागदाला सुरकुती पडता कामा नये.

'फुले निळी' असं लिहिलं आहे. ओळखणाऱ्याच्या जागी तुझ्या आईचं नाव आहे, पूर्ण नाव. तारखेशी अडलो. तिथे काय घालावं कळेना. शेवटी 'रोज सकाळी' असं लिहिलं. नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. बाई हरकत घेतील. त्यांना सांग, राहू द्या.

तुझा,
आता लवकर उठणारा,
बाबा